अवतरणचिन्हांवर पाळत

चार माणसं, तीन कॉम्प्युटर आणि एक कूलर, एवढ्या भांडवलावर किस्से ते किती व्हावेत? पण कूलरच्या मागे धूळ साचते ना, तसे साचलेत आमच्याकडे. झाडायला घेतलं की अजून निघतात! आणि त्यातले अर्धेअधिक संशयाचे आहेत, कारण आमच्या ऑफिसात संशय घेण्याची नोकरी मीच करत होते. कागदोपत्री तिला पडताळणी म्हणतात.

ऑफिस पांढुर्ण्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बी-बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ढोबळे सर मालक. टायपिंगला शोभाताई, त्या रोज सौसरहून बसने यायच्या. प्रोग्रामिंगला विनोद. आणि टाइप झालेलं तपासायला मी, मंदा.

मी मुळातलीच संशयी. देवळात गेले तर एक चप्पल या दाराशी काढते, दुसरी त्या दाराशी. नवरा म्हणतो, "चोराचं राहू दे, एक दिवस तूच एका चपलेनं घरी येशील." आले होते एकदा!

तर काम असं होतं. मोहगावकडच्या काही गावांत, संत्र्याच्या बागांमधून एक नवा रस्ता जाणार होता. गावकऱ्यांच्या बाजूने नागपूरचे एक वकील उभे होते. त्यांचा माणूस गावोगाव हिंडून लोकांचं म्हणणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायचा. शोभाताई ते कानाला लावून ऐकायच्या आणि जसंच्या तसं टाइप करायच्या. आधी नाव, गाव, शेतीची दोन ओळींत माहिती, आणि मग अवतरणचिन्हांत त्या माणसाचे स्वतःचे शब्द. पुढे विनोदची पर्ल नावाच्या कॉम्प्युटर-भाषेतली स्क्रिप्ट त्या फाइलीतून फक्त अवतरणचिन्हांतला मजकूर उचलायची आणि तक्ता बनवायची. कोण, कुठला, काय म्हणाला.

आजकालची पोरं म्हणतात पर्ल म्हातारं झालं. विनोद म्हणायचा, "म्हातारं झालं म्हणूनच तं अक्षर पारखून घेते!"

वकिलांची अट एकच. "शब्द माणसाचेच पाहिजेत. आपले घालायचे नाहीत, त्यांचे गाळायचे नाहीत."

"बस, एवढंच?" ढोबळे सर म्हणाले.

पुढचे सगळे किस्से त्या 'एवढंच'चे आहेत.

*

पहिल्या गावाच्या फाइलीत बावीस माणसं होती. तक्त्यात निघाला एकच. नामदेवराव नावाचे सत्तरीतले गृहस्थ.

मी तक्ता वाचायला घेतला. नामदेवराव एका दमात सांगत होते की बाग माझ्या वडिलांनी लावली, मला सहावा महिना चालू आहे तेव्हा उन्हात सुनावणीला बोलावू नका, आणि मी आठवीत आहे, रस्ता झाला तर सायकलने शाळेत जाईन!

"विनोद," मी म्हटलं, "सत्तर वर्षांचा माणूस, आठवीत आहे, आणि वर गरोदर आहे. तुला काही खटकत नाही?"

विनोदने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे एवढंच लिहिलेलं होतं: "(.*)"

"हे पाहा मॅडम. टिंब मतलब काहीही. तारा मतलब कितीही. याले सांगितलं का पहिल्या चिन्हापासून धर, अन् चिन्ह येईल तिथवर घे. पण हा हावरा आहे ना! समोर बाविसाव्या माणसाचं चिन्ह दिसून राहिलं, तं हा पहिल्याच्या चिन्हावर कायले थांबन?"

म्हणजे पंगतीला बसला आणि बावीसही ताटं एकट्यानेच ओढली.

"मग त्याला थांबव."

"तेच करून राहिलो." आणि त्याने पॅटर्न बदलला. चिन्ह दिसलं की सुरू कर, पुढे चिन्ह सोडून जे असेल ते घे, आणि चिन्ह आलं की तिथेच थांब. स्क्रीनवर ते असं दिसत होतं: "([^"]*)"

ढोबळे सर मागे उभे होते. बराच वेळ त्यांनी ते निरखून पाहिलं.

"हे तू लिहिलं का कीबोर्डवर पाल पडली?"

*

तक्त्यात बावीस माणसं आली. पण त्यांतल्या सात जणांच्या नावापुढे त्यांच्या म्हणण्याच्या आधी एक भलतीच ओळ होती.

"बोअर, ४"

एकाने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. सात जणांनी, वेगवेगळ्या घरांतल्या, एकच वाक्य म्हणावं? तेही एवढं तोडून?

ढोबळे सरांनी दार लावून घेतलं. "हा कोडवर्ड आहे," ते म्हणाले. "चार वाजता बोअरवर भेटाचं ठरलं यांचं. सात जण. काहीतरी शिजून राहिलं."

मला पटलं! खोटं कशाला सांगू, एकदम पटलं. मी तर त्या सातांची नावं वेगळ्या कागदावर काढूनही ठेवली. सरांनी मोहगावच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "गावात चार वाजता काय आहे?"

पलीकडून उत्तर आलं, "नळ येते."

शोभाताई तेवढ्यात पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, मग फाइल पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अवो सर, ते इंच आहे! शेतात सहा इंच बोअर, चार इंच पाइप. इंचाच्या जागी आम्ही ते दोन टिकल्या देतो. टायपिंग शिकली तवापासून देतो."

स्क्रिप्टने सहानंतरच्या टिकल्यांना बोलणं सुरू झालं असं मानलं होतं आणि चारानंतरच्या टिकल्यांना बोलणं संपलं असं. त्या दिवसापासून 'इंच' अक्षरांत लिहायचं ठरलं. सरांनी माझा कागद फाडायला सांगितला. मी फाडला, पण आधी एकदा वाचून घेतला.

*

महिनाभराने वकिलांचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"तक्त्यातली माणसं अर्धवट बोलतात. रेकॉर्डिंगमध्ये जास्त आहे, तुमच्या तक्त्यात कमी. तुमच्याकडे कोणीतरी शब्द खातंय."

झालं. ढोबळे सरांच्या अंगात गुप्तहेर संचारला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्याला कडी आणि कुलूप लावलं, आणि जाहीर केलं की ऑफिसात आल्याबरोबर सगळ्यांचे मोबाइल या डब्यात. नियम सगळ्यांना सारखा म्हणून त्यांनी स्वतःचाही टाकला. कुलूप दाबलं. खिसे चाचपले. किल्ली घरी राहिली होती.

अकरा वाजता डबा वाजायला लागला. वाजणाऱ्या गाण्यावरून फोन सरांचा होता आणि दर पाच मिनिटांनी येत होता त्यावरून वहिनींचा होता. सर डब्यापुढे उभे राहून म्हणत होते, "अवो, उचलता येत नाही ना!"

दुपारी दोन वाजता वहिनी स्वतः जिना चढून आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "किल्ली राहिली, हेच सांगाले फोन करून राहिली होती!"

*

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही.

एका संध्याकाळी मी बसस्टँडवर शोभाताईंना पाहिलं. त्या एका माणसाला जेवणाचा डबा देत होत्या. तो माणूस त्या रस्त्याच्या ठेकेदाराकडे मोजणीच्या कामावर होता, हे मला ठाऊक होतं. तो त्यांचा सख्खा दीर निघाला. डब्यात पोळ्याच होत्या, हेही मला दिसलं. पण माझं मन म्हणालं, पोळ्यांच्या खाली काय होतं?

सकाळी मी सरांच्या कानाला लागले. "सर, शब्द कमी होण्यात फायदा कोणाचा? रस्तेवाल्यांचा. आणि रस्तेवाल्यांचा माणूस कोणाच्या घरात?"

सर खुर्चीत मागे रेलले. "मंदा, तुह्यं डोकं चालते."

पुरावा पाहिजे म्हणून मी सापळा लावला. जेवायच्या सुट्टीत शोभाताईंच्या कीबोर्डवर मोहरीचे तीन दाणे ठेवले. आपल्या माघारी कोणी हात लावला तर दाणे हलणार. परत येऊन पाहते तो दाणे गायब, आणि सर घामाघूम.

"मंदा," ते म्हणाले, "कोणीतरी आपल्या ऑफिसावर करणी केली. कीबोर्डवर मोहरी निघाली!"

मी तोंड उघडलं नाही. दारावर लिंबू-मिरच्या लागल्या आणि दर शनिवारी बदलायला लागल्या. त्या कामाची पडताळणीही माझ्याकडेच आली.

*

मोहरीचा आळही शेवटी शोभाताईंवरच गेला. सरांनी त्यांना बोलावून सांगितलं, "काही दिवस घरी आराम करा."

"आराम?" त्या म्हणाल्या. "मी मागतला का?"

मी तर त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पंचवीस वर्षं टायपिंग केलेली बाई, चुका शोधायच्या म्हटलं तर पानात एक सापडायची नाही. त्यांनी कीबोर्डवर फडकं टाकलं आणि दीडच्या बसने निघून गेल्या.

नंतर एकदा विनोदने कुठल्याशा फाइलीसाठी फोन केला तर त्याला कळलं की घरीही तीच गत आहे. दिराला वाटत होतं, आपल्या मोजणीच्या गोष्टी वहिनी गावकऱ्यांच्या वकिलापर्यंत पोचवते. तो त्यांच्यासमोर फोनसुद्धा घेत नव्हता. म्हणजे ऑफिसच्या लेखी त्या दिराच्या आणि दिराच्या लेखी ऑफिसच्या. बाईला उभं राहायला जागा ठेवली नव्हती आम्ही.

पण मला तेव्हा कीव आली नाही. कारण त्यांच्या जागी मी टायपिंगला बसले, आणि माझ्या फाइलींतून एकही शब्द गेला नाही! वकिलांच्या माणसाने रेकॉर्डिंग लावून तपासलं. सगळं जागच्या जागी होतं.

"पाहा," मी सरांना म्हटलं. "बाई गेली, चोरी थांबली."

याहून पक्का पुरावा कोणता असतो?

*

मग द्वारकाबाईंचं प्रकरण झालं.

द्वारकाबाई मोहगावकडच्या, संत्र्याची बाग स्वतः सांभाळणाऱ्या. त्यांचं म्हणणं शोभाताईंनी घरी बसण्याआधी टाइप केलेलं होतं. तक्त्यात ते असं उतरलं होतं. "या साहेब, आले, लय बरं झालं. गावाले रस्ता पाहिजेच होता." आणि त्याच्या खाली, "बाकी तुमी मोठे माणसं, म्हणान तसं. चहा घेऊन जा."

वकिलांनी फोनवर ते वाचून दाखवलं. "ही तर संमती झाली! ही बाई सगळ्यात आधी नाही म्हणाली होती. सोमवारी मला तक्ता द्यायचा आहे. तुमच्या टायपिस्टने हे मुद्दाम केलं असेल, तर मी लेखी तक्रार करणार. त्या बाईंना या तालुक्यात पुन्हा कोणी कागदाला हात लावू देणार नाही."

सर म्हणाले, "करा." मी मान हलवली. विनोद मात्र म्हणाला, "एकदा त्या बाईले विचारून तं येऊ."

आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवर गेलो. द्वारकाबाई ओसरीवर कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या. विनोद म्हणाला, "आजी, त्या दिवशी रस्त्याबद्दल काय सांगितलं, ते पुन्हा सांगता का?"

द्वारकाबाईंनी हात पुसले आणि तसंच्या तसं सुरू केलं. "या साहेब, आले, लय बरं झालं. गावाले रस्ता पाहिजेच होता." मग त्या जराशा थांबल्या. "पण माह्या बागेतलं एक झाड तोडू देत नाई. फळ नाई धरत त्या आंध्या झाडालेबी हात लावू देत नाई. आधी मले तोडा." पुन्हा जराशा थांबल्या. "बाकी तुमी मोठे माणसं, म्हणान तसं. चहा घेऊन जा."

"आजी," मी विचारलं, "हे मधलं तुम्ही त्या दिवशीही बोलला होता?"

"मधलंच तं बोलाचं होतं!" त्या म्हणाल्या. "पहिलं अन् शेवटलं तं पाव्हण्यासाठी राहते."

आणि मला कळलं की आमच्याकडे सगळे असेच बोलतात. मी स्वतः अशीच बोलते. दारात आलेल्या माणसाला कोणी आल्या-आल्या नाही म्हणत नाही आणि जाताना नाराज पाठवत नाही. नाही असतं, ठाम असतं, पण ते मध्ये असतं.

आम्ही परत आलो आणि जे महिनाभर कोणी केलं नव्हतं ते केलं. तक्ता बाजूला ठेवून शोभाताईंची मूळ फाइल उघडली. मधलं सगळं तिथे होतं. झाडं होती, 'आधी मले तोडा' होतं, एक काना हललेला नव्हता. शोभाताईंनी बोलण्याचे तीन परिच्छेद पाडले होते, बाई जिथे जिथे थांबली तिथे तिथे.

विनोदने बोटाने चिन्हं मोजली. "एक, दोन, तीन, चार. मॅडम, तीन परिच्छेद अन् चिन्हं चारच!"

सौसरच्या टायपिंग क्लासमध्ये शोभाताईंना शिकवलेलं होतं की एकाच माणसाचं बोलणं पुढच्या परिच्छेदात चालू राहिलं तर तिथे चिन्ह पुन्हा उघडायचं, पण बंद करायचं ते बोलणं संपल्यावर, एकदाच. जुनी, बरोबर पद्धत. स्क्रिप्टला ती ठाऊक नव्हती. तिला एक चिन्ह उघडं आणि दुसरं बंद एवढंच कळत होतं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तिने उचललं, तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत उचललं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यामधलं बोलण्याच्या बाहेरचं समजून सोडून दिलं. आमच्या भागातल्या माणसांचं जे मध्ये असतं, नेमकं तेच!

मी तो क्लास केलेला नव्हता. मी प्रत्येक परिच्छेदाशी चिन्ह उघडत होते आणि तिथेच बंद करत होते. म्हणून माझ्या फाइली शाबूत होत्या. चोर सापडला असं मी सांगत होते ना? माझ्या अडाणीपणाने मला साव ठरवलं होतं.

विनोदने स्क्रिप्टला शिकवलं की परिच्छेदाच्या सुरुवातीला येणारं चिन्ह बोलणं तोडत नाही. तक्ता पुन्हा काढला. पानापानावर मधून 'नाही' उगवायला लागलं. सरांनी तो त्याच दिवशी नागपूरला पाठवला आणि वकिलांनी तक्रारीचा विषय सोडून दिला.

मला फार लाज वाटली. माझं काम फाइल तपासायचं होतं, मी बाई तपासत बसले. शोभाताईंना एकदा समोर बसवून विचारलं असतं, तर त्यांनी इंचासारखंच कपाळावर हात मारून दोन मिनिटांत सांगितलं असतं.

*

शेवटचा सांगते आणि उठते.

सरांनी शोभाताईंना फोन केला. चार वेळा माफी मागितली. पलीकडून त्या म्हणाल्या, "येतो. पण आल्यावर पहिलं काम माह्या मनाचं."

सोमवारी त्या आल्या. फडकं काढलं, कोरी फाइल उघडली, माझं नाव टाइप केलं, त्यापुढे पांढुर्णा टाइप केलं. मग दोन टिकल्या दिल्या आणि माझ्यासमोरची खुर्ची दाखवली.

"बस मंदा. तू बोल, मी टाइप करतो."

"काय बोलू?"

"जे माह्या माघारी बोलली, त्याचं काय ते माह्यासमोर बोल."

विनोद आणि सर उभेच होते. मी खुर्चीत टेकले.

"शोभाताई, तुम्ही आलात, फार बरं वाटलं," मी सुरुवात केली. "सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? आमच्या घरी सगळे तुमची आठवण काढतात."

कळांचा आवाज आला नाही. त्या बोटं कीबोर्डवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

मी थांबले. मग म्हणाले, "शोभाताईंनी एक शब्द खाल्ला नाही. संशय मी घेतला. फाइल न उघडता घेतला, आणि सरांच्या कानात मीच घातला."

कळा धडधडत चालल्या. पूर्णविरामापर्यंत चालल्या.

"बाकी ताई, झालं ते झालं," मी डोळे पुसत म्हटलं. "तुम्ही मोठ्या आहात. चला, चहा घेऊ."

कळा पुन्हा गप्प. त्यांनी दोन टिकल्या दिल्या आणि फाइल बंद केली.

"विनोद, चालव रे तुह्यं यंत्र."

विनोदने चालवलं. स्क्रीनवर माझं नाव आलं, गाव आलं, आणि पुढे ती तीन वाक्यं.

"बरोबर धरलं त्यानं?"

"बिल्कुल बरोबर, ताई."

"मग छाप. दोन कापी."

सर हळूच म्हणाले, "दोन कायले? ऑफिसात एक बस झाली ना."

शोभाताई प्रिंटरपाशी गेल्या. पहिला कागद त्यांनी सरांच्या हातात दिला. दुसरा कोमट-कोमट असतानाच घडी करून पर्समध्ये ठेवला.

"हा देराले दाखवतो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी त्याले बसवतो बोलाले."